कोळीवाड्याचा नकाशा कोण आखणार?

प्रतिनिधी, मुंबई

वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून पाहणाऱ्याला वरळी कोळीवाडा म्हणजे दाटीवाटीने उभ्या असलेल्या घरांचा पुंजका वाटतो. प्रत्यक्षात मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एकाच्या टोकावर वसलेली ही पुरातन वस्ती आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला किल्ला, गोल्फादेवीचे मंदिर आणि बंदर ही तिची ओळख. शहर माणसाला 'आपले' कशामुळे वाटते, या प्रश्नाचे उत्तर या वस्तीच्या रचनेतच दडलेले आहे.

कोळीवाड्यात घर उंबरठ्यापाशी संपत नाही. अंगणात जाळी दुरुस्त होतात, मोकळ्या जागेत मासळी सुकते, किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी चालते. घर आणि काम शेजारीशेजारी असल्याने गल्लीत दिवसभर ओळखीची माणसे वावरतात. अशा राबत्यामुळेच रस्ते सुरक्षित राहतात, असे प्रतिपादन अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये केले होते. कोळ्यांनी ते पुस्तकाविनाच साधले.

नकाशावर मात्र याच जागा 'रिकाम्या' दिसतात. कोळीवाड्याची गणना झोपडपट्टीत झाली, तर पुनर्वसनात मिळते ती ३०० चौरस फुटांची सदनिका. तेथे कुटुंब मावेल; पण जाळी, टोपल्या आणि मासळीचे वाळवण कोठे मावणार? कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा आग्रह धरला जातो तो यासाठीच. हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, तो उपजीविकेचाही आहे.

सागरी किनारा मार्गाच्या कामात हाच पेच समुद्रात उभा राहिला. सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरचे अंतर ठरले होते. भरतीच्या लाटांत होडी खांबावर आदळेल, हे ओळखून वरळीच्या मच्छीमारांनी २०० मीटरची मागणी केली आणि काम रोखून धरले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून १२० मीटर अंतर ठेवण्याचे शासनाने मान्य केले.

मागणी पूर्ण झाली नाही. परंतु आराखडा बदलू शकतो, हे सिद्ध झाले. पाण्याची ओढ आणि वाऱ्याची दिशा जाणणाऱ्यांना आधीच विचारले असते, तर संघर्ष टळला असता. शहर ज्यांचे आहे त्यांचा सल्ला काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावा, हाच नगररचनेचा पहिला नियम ठरायला हवा.