कोच हवाच कशाला?

यंदा आम्ही बास्केटबॉल टीमच्या मुलींनी कोचसाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, "बास्केटबॉलला कोच कशाला? बॉल घ्यायचा नि जाळीत टाकायचा!" मला भयंकर राग आला. मग चिडून रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की असं म्हणणारे पहिले गृहस्थ आपल्याकडचे नाहीतच. ज्यांनी हा खेळ शोधून काढला त्या डॉ. जेम्स नेस्मिथ यांचंही मत जवळपास हेच होतं! आणि गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सास युनिव्हर्सिटीच्या टीमचे पहिले कोचही तेच. ('प्रशिक्षक' लिहायला हवं हे मान्य. पण कोर्टवर कोणी 'अहो प्रशिक्षक' म्हणत नाही, म्हणून मी कोचच म्हणणार.)

नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला, वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये ते शिकवत होते. बाहेर कडक थंडी, आत व्यायामाला कंटाळलेली पोरं. वरिष्ठांनी सांगितलं, दोन आठवड्यांत जिममध्ये खेळता येईल असा काहीतरी खेळ काढा. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या. बाल्कनी जमिनीपासून १० फुटांवर होती, म्हणून आजही रिंग १० फुटांवर असते. झालं! इंजिनिअरिंगमध्ये ज्याला आपण 'साइट कंडिशन' म्हणतो तीच जगाचं स्टँडर्ड होऊन बसली. पुढे वायएमसीएमार्फतच हा खेळ भारतातही आला.

नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सासला आले ते व्यायामशिक्षक म्हणून आणि प्रार्थनामंदिराची जबाबदारी घेऊन. टीम वगैरे जोडीला. १९०७ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. हिशोब काय? ५५ विजय, ६० पराभव. म्हणजे बास्केटबॉलचा जनकच त्या युनिव्हर्सिटीच्या इतिहासातला असा एकमेव कोच, ज्याचे पराभव विजयांपेक्षा जास्त आहेत! त्यांना त्याचं वाईट वाटल्याचं दिसत नाही. खेळ म्हणजे शरीर आणि चारित्र्य घडवायचं साधन, जिंकणं-हरणं दुय्यम, असा तो माणूस.

त्यांच्याच हाताखाली एक पोरगा खेळत होता, फॉरेस्ट अ‍ॅलन. आवाज भोंग्यासारखा, म्हणून 'फॉग'. तो दुसऱ्या एका कॉलेजचा कोच व्हायला निघाला तेव्हा नेस्मिथ सर त्याला म्हणाले म्हणे, की बास्केटबॉल शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. शिष्याने ऐकलं नाही. १९०७ मध्ये त्याने गुरूकडूनच कॅन्सासची टीम हातात घेतली. दोन सीझननंतर तो ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांध्यांवरच्या उपचारांचं शास्त्र शिकायला गेला. मधली दहा वर्षं डब्ल्यू. ओ. हॅमिल्टन यांनी टीम नीट चालवली. १९१९ मध्ये कार्ल श्लाडेमन नावाचे गृहस्थ एका मॅचपुरते कोच झाले आणि टीम अ‍ॅलनना देऊन मोकळे झाले. मग १९५६ पर्यंत अ‍ॅलनच!

या माणसाबद्दल वाचताना मला खरोखर कोच म्हणजे काय ते कळलं. दुखापत झाली की स्वतः उपचार करायचा, डावपेच बसवायचा, बाकीच्या कोचेसना एकत्र आणून १९२७ मध्ये त्यांची संघटना उभी करायची. बास्केटबॉल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून धडपडणाऱ्यांत अ‍ॅलन पुढे होते, आणि तो सोहळा बघायला म्हातारे नेस्मिथ बर्लिनला हजर होते. म्हणजे शिष्याने गुरूचं ऐकलं नाही, पण गुरूचा खेळ जगभर नेला. कॅन्सासमध्ये अ‍ॅलननी ५९० मॅचेस जिंकल्या, १९५२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, तसंच हे. त्यांच्या हाताखाली खेळलेले अ‍ॅडॉल्फ रप केंटकीला आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाला कोच झाले. दोघांनीही साडेआठशेच्या वर मॅचेस जिंकल्या.

शेवट मात्र चटका लावणारा. सात फुटी विल्ट चेंबरलेनला अ‍ॅलननी कॅन्सासला आणलं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे फर्स्ट इयरच्या मुलांना मुख्य टीममध्ये खेळता यायचं नाही. विल्ट सेकंड इयरला जाईपर्यंत अ‍ॅलन सत्तरीचे झाले आणि नियमाप्रमाणे निवृत्त! त्यांचे सहायक डिक हार्प यांच्याकडे टीम गेली. १९५७ च्या फायनलमध्ये नॉर्थ कॅरोलिनाने सुरुवातीच्या जंप बॉललाच विल्टसमोर सहा फुटांपेक्षाही बुटका खेळाडू उभा केला. उडी तो जिंकणार नव्हताच, पण समोरच्यांच्या डोक्यात किडा सोडला. कॅन्सास तीन ओव्हरटाइमनंतर ५४-५३ अशी हरली. एका पॉइंटने! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

टेड ओवेन्स १९६४ ते १९८३ होते, दोनदा अंतिम चारमध्ये गेले. मग लॅरी ब्राउन आले. ते डीन स्मिथ यांच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात खेळलेले, म्हणजे घराणं तेच. १९८८ मध्ये त्यांची टीम सीझनभरात ११ मॅचेस हरून स्पर्धेत शिरली आणि चक्क विजेती ठरली. फायनलला डॅनी मॅनिंगचे ३१ पॉइंट्स नि १८ रिबाउंड्स! पण त्यानंतर ब्राउन एनबीएत निघून गेले आणि खेळाडू आणताना नियम मोडल्याबद्दल शिक्षा झाली ती मागे राहिलेल्यांना. १९८९ च्या स्पर्धेत विजेत्यांनाच प्रवेश नाही! नवे कोच रॉय विल्यम्स (पुन्हा डीन स्मिथ यांचेच सहायक) यांचं पहिलं वर्ष असं गेलं. तरी १५ वर्षांत त्यांनी ४१८ मॅचेस जिंकल्या. विजेतेपद तेवढं कॅन्सासला मिळालं नाही. ते २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला गेले आणि तिथे तीनदा मिळवलं. कॅन्सासच्या लोकांना काय वाटलं असेल!

त्याच वर्षी बिल सेल्फ आले. तरुणपणी ते ब्राउन यांच्याच हाताखाली कॅन्सासला सहायक होते. २००८ ची फायनल जवळजवळ हातातून गेली होती, तेवढ्यात २.१ सेकंद उरलेले असताना मारिओ चाल्मर्सने थ्री-पॉइंटर मारून बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकले. २०२२ ला हाफटाइमला १५ पॉइंट्सनी मागे असताना नॉर्थ कॅरोलिनालाच हरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्फनी अ‍ॅलनचा ५९० चा आकडा ओलांडला. खरं तर आधीच ओलांडला असता. पण नियमभंगाच्या चौकशीनंतर २०२३ मध्ये त्यांच्या २०१७-१८ च्या सीझनमधले १५ विजय रेकॉर्डमधून पुसले गेले, अंतिम चारचा मानही गेला. मला हा भाग झाकून ठेवावासा वाटत नाही. जिंकणं दुय्यम असं म्हणणाऱ्या माणसाच्या टीमला असे दोन डाग लागावेत, हे खटकतंच.

नेस्मिथ यांनी टाइप करवून लावलेले मूळ तेरा नियम २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलर्सना विकले गेले. आता ते कॅन्सासलाच, अ‍ॅलन यांच्या नावाच्या फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत ठेवले आहेत. मी ते सगळे वाचले. अंपायर आहे, रेफरी आहे, कॅप्टन आहेत. कोच कुठेच नाही!

आमची कॅप्टन सध्या दुसरा अर्ज लिहिते आहे. सोबत हा लेख जोडायचा की नाही यावर टीममध्ये वाद चालू आहे, कारण ५५-६० हा आकडा नक्की कोणाच्या बाजूने बोलतो ते आमचं अजून ठरत नाहीये.