हात लावायला नकार मिळालेला खेळाडू राज्यपाल झाला

विटाळ म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. तसाच विटाळ सातासमुद्रापार ऑस्ट्रेलियात एका फुटबॉलपटूच्या वाट्याला आला. त्यांचे नाव सर डग निकोल्स. त्यांची हकिगत आम्ही घरातील मुलाबाळांसाठी मुद्दाम देत आहोत.

निकोल्स यांचा जन्म १९०६ साली न्यू साउथ वेल्समधील कमरागंजा येथे योर्टा योर्टा या आदिवासी समाजात झाला. ते आठ वर्षांचे असताना पोलिसांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला घरातून जबरदस्तीने नेले. अशा मुलींना सरकारी संस्थेत ठेवून गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करायला तयार केले जाई.

ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल आणि एका संघात १८ गडी. निकोल्स उंचीने अवघे पाच फूट दोन इंच. पण धावायला लागले की कोणाच्या हाती लागत नसत. १९२७ साली ते मेलबर्नच्या कार्लटन क्लबकडे गेले. तेथे खेळाडूंचे अंग मालिश करून देण्याची पद्धत होती. काळ्या माणसाच्या अंगाला आम्ही हात लावणार नाही, असे मालिश करणाऱ्यांनी बजावले. निकोल्स यांना ते दार सोडावे लागले.

त्यांनी खेळ मात्र सोडला नाही. ते नॉर्थकोट क्लबकडून खेळू लागले आणि १९२९ साली या क्लबने अजिंक्यपद पटकावले. पुढे १९३२ ते १९३७ या काळात ते फिट्झरॉयकडून ५४ सामने खेळले. तेथे हेडन बंटन या नामांकित गोऱ्या खेळाडूने त्यांच्याशी मैत्री केली. १९३५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात त्यांची निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले आदिवासी.

गुडघ्याच्या दुखापतीने खेळ थांबला, तरी समाजकार्य थांबले नाही. २६ जानेवारी १९३८ रोजी गोऱ्यांच्या आगमनाची १५० वर्षे साजरी होत असताना आदिवासींनी सिडनीत शोकदिन पाळला. त्या सभेत निकोल्स बोलले. पुढे ते धर्मोपदेशक झाले. देशाच्या शिरगणतीत आदिवासींना धरू नये, असे कलम राज्यघटनेत होते. ते काढण्यासाठी झालेल्या १९६७ च्या सार्वमताच्या प्रचारातही ते झटले. ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला.

१९७२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९७६ साली ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. १९८८ साली त्यांचे निधन झाले.

मैदानावर कमावलेले नाव त्यांनी समाजाच्या कामी लावले, हे आम्हाला राज्यपालपदाहूनही मोठे वाटते. आपल्या वस्तीतही चपळ पायांची मुले-मुली आहेत. आईबापांनो, त्यांना मैदानावर जाऊ द्या आणि निकोल्स यांची ही हकिगत जरूर सांगा.