सिकलसेलची तपासणी आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा वर्ग

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल हा शब्द नवा नाही. ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द लग्नाच्या बोलणीतही निघतात. अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात या आजाराचे प्रमाण मोठे आहे. पण ही तपासणी ज्या यंत्रावर होते, ते यंत्र कोण बनवते आणि ते बनवायला कुठे शिकवतात, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. बारावीनंतर विज्ञानाचे विद्यार्थी आम्हाला भेटतात तेव्हा डॉक्टर, नर्सिंग, कॉम्प्युटर एवढीच नावे ऐकू येतात. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे नाव निघत नाही. म्हणून हा लेख.

या शाखेत शरीरशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पदार्थविज्ञान आणि संगणक एकत्र शिकावे लागतात. ईसीजी, व्हेंटिलेटर, डायलिसिस, कृत्रिम पाय हे सगळे याच विषयातले. अडचण अशी की प्रवेश साधारणतः भौतिक, रसायन आणि गणित या गटातून होतो. त्यामुळे जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेला विद्यार्थी थेट हृदयाच्या विद्युतसंकेतांपुढे उभा राहतो. सर्किट शिकवणारे शिक्षक वेगळे, शरीर शिकवणारे वेगळे. दोन्हींचा सांधा मुलांनी स्वतःच जुळवायचा असतो. तो जुळला नाही की पाठांतर सुरू होते.

यावर जगात एक उपाय रुजला आहे: आधी प्रश्न द्यायचा, मग त्यासाठी लागेल ते शिकवायचे. अमेरिकेत १९९९ मध्ये वँडरबिल्ट, नॉर्थवेस्टर्न, टेक्सास आणि हार्वर्ड-एमआयटी या संस्थांनी मिळून याच विषयाच्या अध्यापनासाठी संशोधन केंद्र उभारले. तिथे आव्हान आधी मांडायचे, विद्यार्थ्यांचा पहिला अंदाज घ्यायचा, तज्ज्ञांची मते द्यायची, मग तपासून सुधारायला लावायचे, अशी पद्धत विकसित झाली.

ही पद्धत नागपूरच्या वर्गात आणायची तर पहिला प्रश्न सिकलसेलचाच असावा. शिबिरात होणारी सॉल्युबिलिटी चाचणी स्वस्त असते, पण एएस आणि एसएस यांतला फरक ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी चाचणी लागते. सिकल हिमोग्लोबिनमध्ये एक अमिनो आम्ल बदललेले असते, त्यामुळे त्याचा विद्युतभार बदलतो. वीज दिली की ते साध्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकते आणि पट्टे वेगळे दिसतात. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हे १९४९ मध्ये दाखवले. आता वर्गाला विचारा: वीज जाणाऱ्या गावात, कमी खर्चात, हीच तपासणी कशी कराल? या एका प्रश्नात रक्त, रसायन, सर्किट, बॅटरी आणि खर्च सगळे येते. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात याच तत्त्वावर कागदाची छोटी चिप तयार झालीच आहे.

हा प्रश्न कोण विचारतो, यालाही महत्त्व आहे. रक्तातला प्राणवायू मोजणारे पल्स ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांमधली कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा चुकवते, असे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले. यंत्र जात किंवा वर्ण ओळखत नाही. पण ते कोणाच्या शरीरावर तपासून बनवले, यावर त्याचा खरेपणा ठरतो. ज्यांच्या घरात एसएसचा रुग्ण आहे, अशी मुले त्या प्रयोगशाळेत असतील तर कोणता प्रश्न आधी सोडवायचा हेही बदलेल.

शिवाय काम फक्त शोधाचे नाही. देशातल्या सरकारी आरोग्य केंद्रांतल्या उपकरणांची मोजणी झाली तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्यानंतर २०१५ मध्ये केंद्राने देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणारा अभियंता जिल्हा रुग्णालयाला लागतोच.

तेव्हा मित्रांनो, प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा. प्रयोगशाळेतली यंत्रे चालू आहेत का? विद्यार्थी रुग्णालयात प्रत्यक्ष जातात का, आणि किती दिवस? शरीरशास्त्र कोण शिकवते? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणतात की स्वतः करतात? शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेची कागदपत्रे, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, बारावीतच तयार ठेवा. जे कार्यकर्ते शिबिरे घेतात, त्यांनी पुढच्या शिबिराला एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांना बोलवावे. त्यांना प्रश्न मिळेल, आणि आपल्याला कदाचित उत्तर.

जय भीम.