ओल्युदेनिझ : खाजणाची शांतता आणि तिचे मोल

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, फेतियेनजीक ओल्युदेनिझ हे खाजण आहे. तुर्की भाषेत ‘ओल्यु’ म्हणजे मृत व ‘देनिझ’ म्हणजे समुद्र. बाहेर समुद्र खवळला असतानाही येथील पाणी निश्चल राहते, एवढाच या नावाचा आशय होय. अतिक्षारयुक्त मृत समुद्राशी त्याची गल्लत करू नये. वाळूच्या दांड्यामुळे खाजणाचे मुख अरुंद झाले असून लाटांचे बळ आत पोहोचत नाही. पर्यटकांना येथील पुळणीकडे ओढणारी ही शांतताच खाजणाचे दुर्बलस्थान ठरते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अत्यल्प असल्याने पाणी मंदगतीने बदलते आणि आत आलेले प्रदूषण रेंगाळते. १९८८ मध्ये फेतिये-गोजेक परिसर विशेष पर्यावरण संरक्षण क्षेत्र म्हणून घोषित झाला. खाजणात यंत्रचलित नौकांना मज्जाव आहे. उन्हाळ्यातील गर्दीचा भार मात्र दांड्यावरील पुळणीस सोसावाच लागतो.