फँटसी सायकलिंग : गुणतालिकेला मुभा, पैजेला नाही

बंगळुरू : फँटसी सायकलिंगमध्ये व्यवस्थापक ठरावीक आभासी रकमेत खरे सायकलपटू निवडतो, त्यांच्या शर्यतींतील कामगिरीवर संघाचे गुण ठरतात. अव्वल सायकलपटू महाग असतो, त्यामुळे तो ज्याच्याकडे असेल तो संघ अव्वल ठरेलच असे नाही. प्रत्यक्ष शर्यतीतही असे घडते. २०२५ च्या टूर द फ्रान्समध्ये तादेय पोगाचार वैयक्तिक विजेता ठरला, सांघिक विजेतेपद मात्र व्हिस्मा–लीज अ बाइकने मिळवले; तेथे प्रत्येक टप्प्यातील संघाच्या पहिल्या तिघांची वेळ धरतात.

ही निवड कौशल्याची आहे, हा फँटसी खेळांचा जुना बचाव. येथील कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या ऑनलाइन खेळबंदीच्या तरतुदी रद्द केल्या, तेव्हा तो ग्राह्य ठरला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने मात्र कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला. जिंकण्याच्या आशेने पैसे लावायला लावणारा ऑनलाइन खेळ चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

केवळ गुणांसाठी चालणारी सायकलपटूंची तालिका या बंदीत येत नाही. तिच्यासाठी सदस्यत्वाचे शुल्कही आकारता येते; ते पैजेची रक्कम नसावे, एवढीच अट.