थ्रॅशचा अल्बम ‘महान’ कशामुळे ठरतो? सिनॉप्सिसआधीचा एक सराव

धाटावमधल्याच एका वाचकाने विचारलंय: “क्लासिक थ्रॅश मेटल अल्बम महान कशामुळे होतो, हा पीएचडीचा विषय होऊ शकतो का? घरी आणि कॉलेजात, दोन्हीकडे हसले.”

हसण्याचं सोडा. एमआयडीसीच्या शेजारी वाढलेल्या पोराला आवाजावर काम करावंसं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? खरी अडचण वेगळी आहे. कमिटीपुढे हा प्रश्न असाच ठेवलात तर पहिल्या मिनिटाला कुणीतरी विचारणार, “महान म्हणजे काय?” आणि तिथे “सर, ऐकून बघा ना” हे उत्तर चालत नाही.

‘महान’ या शब्दात निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. अल्बम लोकांना आवडला का? पुढच्या बँडनी त्याचा कित्ता गिरवला का? आणि तो बांधलाय कसा? पहिल्याला सर्व्हे लागतो, दुसऱ्याला इतिहास, तिसऱ्याला कान आणि स्टॉपवॉच. तिन्ही एकदम घेतलेत तर फेलोशिप संपेल, प्रबंध संपणार नाही. इथे आपण तिसरा घेऊ.

सगळ्यांच्या मनात पहिलं उत्तर येतं ते ‘वेग’. थ्रॅश जन्मलाच वेगातून. ब्रिटिश हेवी मेटलची गिटार आणि हार्डकोअर पंकची घाई एकत्र आली आणि १९८३ मध्ये मेटॅलिकाचा ‘किल एम ऑल’ आला. पण उत्तर सुचलं की ते मोडतं का, हे लगेच बघायचं. १९८७ मध्ये इंग्लंडच्या नेपाम डेथने ‘स्कम’ काढला, साधारण ३३ मिनिटांत २८ गाणी. नुसता वेगच मोजायचा तर थ्रॅशचे बहुतेक अल्बम त्याच्यापुढे हरतात. तरी ‘स्कम’ला कुणी महान थ्रॅश म्हणत नाही. त्याला ग्राइंडकोअर हे वेगळं नावच मिळालं.

मग १९८६ चे दोन अल्बम शेजारी ठेवा. मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’: आठ गाणी, जवळपास ५५ मिनिटं, निर्माता फ्लेमिंग रासमुसेन. स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’: दहा गाणी, २९ मिनिटांच्या आत, निर्माता रिक रुबिन. एक लांबलचक, एक घाईतला, आणि तरी दोन्ही कुठल्याही यादीत वर. म्हणजे लांबी हेही उत्तर नाही. दोघांत सामायिक काय आहे, ते शोधायचं.

मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, वेगाला टेकू देणारा संथपणा. ढोल-ताशा पथक आठवा. ताशाची तडतड अंगावर येते, कारण खाली ढोलाचा ठोका रुंद पावलं टाकत असतो. नुसते ताशे तासभर वाजले तर पाच मिनिटांत कान बधिर होतील. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या शीर्षकगीतात साडेतीन मिनिटांच्या आसपास सगळं थांबतं आणि स्वच्छ, हळू गिटार येते. ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये मध्यावर ठेका निम्म्यावर येतो, आणि खरं सांगायचं तर गाण्यातली सगळ्यात जड जागा तीच आहे.

दुसरी गोष्ट कोरडेपणा. इथे थोडं गणित करू. ‘एंजल ऑफ डेथ’चा वेग मिनिटाला सुमारे २१० ठोके. एका ठोक्यात गिटारचे चार आघात धरले तर सेकंदाला १४ होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७० मिलिसेकंद. आता आवाजाला हॉलसारखा घुमारा दिला आणि तो सेकंदभर रेंगाळला, तर एका आघाताची शेपूट पुढच्या १४ आघातांवर पसरेल. राहील फक्त घोंगावणं. रुबिनने घुमारा जवळपास काढूनच टाकला. गिटारवादकही उजव्या तळव्याची कड तारांवर ठेवून प्रत्येक स्वर लगेच दाबतात. त्यामुळे वेग ‘ऐकू येतो’. ही नुसती चव नाही, कारण आहे, आणि संशोधनाला असं मोजता येणारं कारण लागतं.

इथवर छान वाटतंय ना? आता यातली भगदाडं. आपण फक्त जिंकलेले अल्बम तपासले. संथपणा आणि कोरडेपणा हरलेल्या, विसरलेल्या अल्बमांतही असला तर? तुलनेचा गट हवाच. सोपा मार्ग म्हणजे बँड आणि निर्माता तेच ठेवून अल्बम बदलायचा. स्लेयर आणि रुबिन यांनीच १९८८ मध्ये ‘साउथ ऑफ हेवन’ काढला, मुद्दाम संथ. त्याच वर्षी मेटॅलिका आणि रासमुसेन यांचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ आला. त्यात बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही, तरी लोक त्याला डोक्यावर घेतात. तुमच्या सिद्धान्ताला या दोन्हींचं उत्तर देता आलं पाहिजे.

दुसरं भगदाड मला जास्त टोचतं: नमुना निवडला कुणी? ‘मास्टर ऑफ पपेट्स’ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं. आपल्या मुंबईचा सेप्टर हा थ्रॅश बँड १९९८ चा, आणि त्याचा पूर्ण लांबीचा ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ आला २०१३ मध्ये. पंधरा वर्षं! ब्राझीलच्या सेपल्तुराने १९८९ मध्ये ‘बिनीथ द रिमेन्स’ जगभर पोचवला, पण पाठीशी रोडरनर ही कंपनी होती. बांधणीत सेप्टर कुठे बसतो हे मोजल्याशिवाय ‘आपल्याकडे क्लासिक नाहीत’ म्हणणं म्हणजे वितरणाचा इतिहास सौंदर्यशास्त्र म्हणून खपवणं. रायगडात बसून हा विषय घेणाऱ्याने तर हे विसरूच नये.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये प्रश्न असा लिहा: ‘१९८३ ते १९९० मधल्या थ्रॅश अल्बमांत लयबदलांची संख्या आणि घुमाऱ्याचं प्रमाण, यांचा त्या अल्बमांच्या नंतरच्या मान्यतेशी संबंध आहे का?’ सेप्टर या काळात बसत नाही, त्याच्यासाठी वेगळं प्रकरण ठेवा. मान्यता कशी मोजणार, तेही त्याच पानावर लिहा.

सुरुवात एका गाण्यापासून करा. ऑडॅसिटी फुकट मिळतं. लय जिथे बदलते तिथे खूण करा, आणि तुमच्या खुणा न दाखवता मित्रालाही तेच करायला सांगा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या कडव्यात एक आखूड मात्रा येते, तिथे तुमचं बहुधा जुळणार नाही. ती वेगळी नोंदवून ठेवा. आणि हो, हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर बास मुळातच गायब असतो.