थ्री नॉट थ्री : काटकसरीची रायफल

कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या टापूत, सांगली-इस्लामपूर रस्त्यावर आष्टा लागतं. काळी जमीन, ऊस, हळद आणि घरटी नाही तरी गल्लीटी एखादा फौजी. या भागात जुन्या माणसांसमोर रायफलीचा विषय काढा, नाव एकच निघतं : थ्री नॉट थ्री. इथल्या पोरांनी ती पलटणीत वागवली, पोलिसांनी ठाण्याच्या दारात खांद्याला लावली, बेचाळीसच्या भूमिगतांना तिची धास्तीही होती आणि हावही. पुढे कॉलेजात एनसीसीच्या पोरांनी तिच्यावर हात साफ केला. एकाच मुलखात इतक्या वेगवेगळ्या हातांतून फिरलेलं दुसरं यंत्र शोधावं लागेल.

ही रायफल काही तिच्या काळातली सर्वांत अचूक नव्हती, सर्वांत मजबूतही नव्हती. तरी ती साठ-सत्तर वर्षं फौजेत टिकली आणि त्यानंतरही पोलिसांकडे राहिली, कारण कमी पैशात भरवशाची रायफल कशी करावी हे कोडं तिनं बऱ्यापैकी सोडवलं होतं. स्वस्त रायफल कोणालाही करता येते. खिसा मोकळा सोडला तर भरवशाचीही करता येते. दोन्ही एकत्र जमवायचं तर काय ठेवायचं आणि काय टाकायचं याची नजर लागते.

नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, नाव त्यावरून पडलं. मूळ कल्पना जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकी कारागिराची. त्याचा बोल्ट आणि पेटीसारखं मॅगझीन, त्याला एनफिल्डच्या सरकारी कारखान्याची आट्यांची नळी, असं मिळून १८९५ साली ली-एनफिल्ड उभी राहिली. पायदळ आणि घोडदळ या दोघांना दोन वेगळ्या लांबीच्या बंदुका देण्याची तेव्हा रीत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी ती मोडली आणि सगळ्यांसाठी एकच मध्यम लांबीची रायफल काढली. १९०७ चा तिचा ‘मार्क तीन’ हा अवतार आपल्याकडे घरोघर माहीत झाला. वजन चार किलोच्या आसपास, मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. दोन नमुन्यांच्या जागी एक आला, म्हणजे सुटे भाग, साचे आणि शिक्षण यांचा खर्चही आटोपला. पहिली बचत इथंच झाली.

दुसरी बचत लाकडात. जर्मन माउझरचा लाकडी साज पुढून मागेपर्यंत अखंड असतो; त्याला लांब, निर्दोष फळी लागते. थ्री नॉट थ्रीचा दस्ता वेगळा आणि नळीखालचं लाकूड वेगळं. लहान तुकडे चालतात. दस्ता फुटला तर तेवढाच बदलायचा. शिवाय तो कमीजास्त लांबीचा मिळत असे, त्यामुळे बुटक्या शिपायाला आणि उंच शिपायाला एकच रायफल बेताची बसायची.

खरी खुबी बोल्टमध्ये होती. गोळी उडते त्या क्षणी बोल्टला मागचा धक्का सोसावा लागतो, म्हणून त्याला अडवणारे कान असतात. माउझरमध्ये ते पुढे, थेट काडतुसाच्या बुडाशी. मजबुतीला हे उत्तम, पण त्या कानांच्या खाचा आत खोलवर असतात आणि चिखल तिथंच जाऊन बसतो. ली यानं कान मागे घेतले. त्यात मजबुती थोडी गेली. बदल्यात खाचा बोटाच्या टप्प्यात आल्या. दांडा माउझरला काटकोनात फिरवावा लागतो, इथं साधारण ६० अंशांत काम होतं. सरावलेल्या शिपायाकडून मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्यांची अपेक्षा असे, ती या छोट्या हालचालीच्या जोरावर.

एनसीसीच्या कोतासमोर, म्हणजे हत्यारांच्या कोठीसमोर, सतरंजीवर बसून ही रायफल खोललेल्या कोणालाही हे हातानं ठाऊक असतं. बोल्ट मागे ओढायचा, त्याचं डोकं वर उचलायचं, अख्खा बोल्ट हातात येतो. पान्हा लागत नाही, पेचकस लागत नाही. बोल्टचं डोकं आट्यांवर फिरवून सुटं करता येतं. दस्त्याच्या पितळी तळात छोटं झाकण. आत तेलाची पितळी कुपी आणि ‘पुल थ्रू’ची दोरी, एका टोकाला पितळेचं वजन. वजन नळीत सोडायचं, दोरीच्या फासात चिंदी अडकवायची आणि एका दमात ओढायची. साफ करायला चार बाय दोन इंचाची चिंदी, तेल लावायला चार बाय दीडची. चिंदी मोठी झाली तर नळीत अडकते आणि मग उस्तादांच्या तोंडाला लागावं लागतं. फायरिंग झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचं, कारण जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार लोखंडाला गंज चढवतो. बोल्टवर त्याच रायफलीचा नंबर ठोकलेला असतो. एकीचा बोल्ट दुसरीला चालवायचा नाही, कारण बोल्ट आणि काडतूस यांच्यामधली फट त्या जोडीपुरती जुळवलेली असते. झिजेनं ती फट वाढली तर अख्खा बोल्ट टाकायची गरज नसे. नेमक्या मापाचं नवं डोकं बसवलं की रायफल पुन्हा कामाला. गरीब फौजेला अशी दुरुस्ती परवडते.

पहिल्या महायुद्धानं या सगळ्याची परीक्षा घेतली. कॅनडाची फौज आपली रॉस रायफल घेऊन फ्रान्सला उतरली होती. चांदमारीत रॉसचा हात धरणारं कोणी नव्हतं. १९१५ मध्ये ईप्रच्या चिखलात तिचे बोल्ट अडकू लागले, तेव्हा कॅनेडियन शिपायांनी पडलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. पुढच्या वर्षी रॉस आघाडीवरून गेली. त्याच काळात आपली माणसं मेसोपोटेमियाच्या वाळूत होती. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातून त्या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत.

युद्ध लांबलं आणि कारखान्यांना मागणी पुरवता येईना. तेव्हा ब्रिटिशांनी मार्क तीनवर कात्री चालवली. दूरच्या जमावावर एकत्र मारा करायची बाजूची जादा साइट काढली. दहा गोळ्या राखून एकेक गोळी भरायला लावणारी पत्र्याची पट्टी काढली. वाऱ्याप्रमाणे मागची साइट आडवी सरकवायचा स्क्रूही काढला. हा १९१६ चा ‘मार्क तीन स्टार’. जे काढलं त्यातलं काहीच खंदकातल्या शिपायाला आठवलं नाही. नळी, बोल्ट आणि मॅगझीनच्या दर्जाला मात्र हात लावला नाही. दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर चार’ रायफलीच्या वेळी तर अमेरिकेतल्या सॅव्हेज कारखान्यानं नळीतल्या पाच आट्यांऐवजी दोनच पाडले. वेळ वाचला आणि लढाईपुरता नेमही बिघडला नाही.

हिंदुस्थानात ही रायफल घडे ती बंगालमधल्या इशापूरला. तिथं पूर्वी दारूचा कारखाना होता. १९०४ पासून रायफली होऊ लागल्या. गोळ्यांचा हिशेब मात्र महाराष्ट्रात येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं असत. इशापूरच्या कारागिरांनी आपल्या हवेचा विचार करून एक छोटी भर घातली : घोड्याच्या पुढच्या भागात लाकडातून आरपार जाणारा आडवा स्क्रू, लाकूड तडकू नये म्हणून. आजही जगभरचे संग्राहक त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात.

पण हिंदी माणसाच्या हाती काय द्यायचं यात सरकारचा हिशेब निव्वळ पैशाचा नव्हता. १८५७ नंतर बरीच वर्षं हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागची बंदूक देण्याचं धोरण होतं. पोलिसांसाठी तर इशापूरनं थ्री नॉट थ्रीचीच .४१० मस्केट केली : नळी आतून गुळगुळीत, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. काडतूसही वेगळं, म्हणजे बंदूक लुटली गेली तरी लुटणाऱ्याच्या फारशी उपयोगी पडू नये. हीच रायफल नागरिकाला मिळू नये म्हणून फौजी काडतुसावर बंदी होती. परवानाधारकासाठी तिच्याच घडणीची .३१५ रायफल निघाली. शेताच्या राखणीला किंवा बँकेच्या दारात दिसणारी ‘तीनशे पंधरा’ ती हीच.

या धोरणाची धग आष्ट्याच्या आसपासच्या गावांनी सोसली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या चालल्या. तिथं गेलेल्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या होते. लोखंड घडवायला शिकलेला माणूस निःशस्त्र मोर्चात मारला गेला. पुढे येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलला जी. डी. बापू लाडांनी तुफान सेना बांधली. पण तिच्याकडे इशापूर नव्हतं आणि खडकीही नव्हती. काठ्या होत्या, माणसं होती आणि मिळतील तेवढी हत्यारं. पैसाही सरकारचाच काढायचा : ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडचा खजिना. २५ फेब्रुवारी १९४५ ला मणदूरच्या चकमकीत वाळव्याचे किसन अहिर आणि त्यांचे साथी नानकसिंग पडले. वाळव्याच्या साखर कारखान्याला आज किसन अहिरांचं नाव आहे. कारखाना नसलेल्या फौजेला प्रत्येक रायफलीची आणि प्रत्येक गोळीची किंमत माणसांत मोजावी लागते, हे या टापूला कोणी वेगळं सांगायला नको.

काटकसर चुकली की काय होतं याचा नमुना पेशावर-कोहाट वाटेवरच्या दर्रा आदमखेलमध्ये सापडतो. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कानशीनं घासून ली-एनफिल्डच्या नकला करत आले. बाहेरून हुबेहूब, नळीवर ब्रिटिश राजमुकुटाचा शिक्कासुद्धा, फक्त अक्षरांची कधी कधी उलटापालट. पण पोलाद मिळेल ते. त्यामुळे अस्सल फौजी काडतूस त्यात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. दर्ऱ्यात दिखावा राखला आणि पोलादात हात आखडला. इशापूरनं नेमकं उलटं केलं होतं.

स्वातंत्र्यानंतरही इशापूरची घडण चालू राहिली. १९६२ मध्ये नेफाच्या बर्फात आपले जवान हीच बोल्टची रायफल घेऊन चिन्यांच्या स्वयंचलित हत्यारांसमोर उभे राहिले. त्या धड्यानंतर नवी ७.६२ ची स्वयंभरण रायफल येऊ लागली, पण ती सगळ्यांना पुरायला वेळ लागणार होता. तोवर काय? इशापूरनं जुन्याच मार्क तीनचा ढाचा घेतला, त्याला जास्त दाब सोसणारं पोलाद दिलं, बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझीन लावलं आणि नव्या ७.६२ काडतुसाला जुळवून घेतलं. ही ‘२ए’. तिच्या साइटवर अजून दोन हजार यार्डांपर्यंतच्या अंतराच्या खुणा होत्या. नंतरच्या ‘२ए१’वर त्या आठशे मीटरवर आणल्या. इतक्या लांबच्या माणसावर कोणी नेम धरत नाही, मग खुणा तरी कशाला? जुनी यंत्रं, जुने साचे, जुने कारागीर आणि एका जागी नेमका केलेला जास्तीचा खर्च, असा तो हिशेब होता.

मात्र तात्पुरती सोय कायमची होऊन बसली की काटकसर आणि कंजूषी यांच्यातली रेघ पुसली जाते. फौजेतून निघालेली थ्री नॉट थ्री पोलिसांकडे राहिली ती दशकानुदशकं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या कलाश्निकोव्ह रायफलींसमोर काही पोलीस हीच रायफल घेऊन उभे होते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना त्या अतिरेक्यांपैकी कसाबची रायफल धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

त्यात दोष रायफलीचा नव्हता. जे काम तिला नेमून दिलं होतं ते तिनं चोख केलं आणि मुदत संपल्यावरही ती चालत राहिली, हेच तिच्यावर उलटलं. चालते आहे तोवर बदलायची कशाला, हा युक्तिवाद खजिन्याला सोयीचा असतो. रायफल एकदाच विकत घ्यावी लागते. नेम दरवर्षी विकत घ्यावा लागतो, सरावाच्या काडतुसांत आणि चांदमारीवर घालवलेल्या दिवसांत. इशापूरच्या कारागिरानं काय टाकायचं हे नीट ओळखलं होतं. पुढच्या अंदाजपत्रकांनी काय टाकायचं नव्हतं तेच टाकलं. ती तूट भरायला माणूस लागतो, आणि तो बहुतेक वेळा अपशिंगे किंवा केडंब्यासारख्या गावचाच असतो.